उडी पायांची, चुगली खांद्यांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही लहान मुलांच्या बॅलेला अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण आपल्या पेपरांत बॅले म्हटलं की एकतर कुठल्यातरी हिरॉइनचा फिटनेस असतो नाहीतर काहीच नसतं. लेख चांगला होता, टाइल्सवर उड्या मारू नका, लाकडी फ्लोअर बघा, हे कुणीतरी एकदाचं लिहिलं ते बरं झालं. पण त्याच पानावर खाली एक चौकट होती, उंच उडीसाठी टिप्स म्हणून, आणि त्यात तिसऱ्या नंबरला लिहिलंय की उडी मारताना दोन्ही हात जोरात वर फेका म्हणजे शरीर आपोआप वर जाईल. आणि शेजारी तो फोटो. हे पत्र त्या एका ओळीसाठी आणि त्या फोटोसाठी आहे, जरा लांबणार आहे, कापायचं तर कापा पण मधलं खांद्यांचं तेवढं ठेवा प्लीज.

फोटोतली मुलगी असेल दहा-अकरा वर्षांची. पाय बघाल तर सुंदर, दोन्ही गुडघे सरळ, पंजे खाली एकदम टोकदार, त्या वयाला एवढं जमणं सोपं नाही. पण कमरेच्या वर बघा. मानच नाहीये. खांदे थेट कानाला चिकटलेत, हनुवटी पुढे आलीये, बरगड्या पुढे फुगल्यात, आणि हात एसटी थांबवायला करतो तसे वर, पाचही बोटं फाकलेली. फोटोखाली लिहिलंय "हवेत तरंगणारी परी". ती परी तरंगत नव्हती हो, ती झटत होती बिचारी, आणि ते खांद्यांकडे बघून कळतं. मी पोरीला हसत नाहीये, माझ्या मोबाइलमध्ये माझे स्वतःचे असे चाळीस तरी व्हिडिओ आहेत, आणि मी तर तिच्या आईच्या वयाची आहे.

माझं थोडं सांगते म्हणजे ही बाई कोण असं वाटणार नाही. मी ठाण्याला राहते, बँकेत नोकरी करते, लहानपणी आठ वर्षं दादरला भरतनाट्यम शिकले, मग कॉलेज, लग्न, सगळं बंद. मुलीला बॅलेच्या क्लासला घातलं तेव्हा दर शनिवारी दीड तास बाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाइल बघत बसायचे, एक दिवस तिथेच मोठ्यांची बॅच सुरू झाली आणि मी एक्केचाळिसाव्या वर्षी आत गेले. भरतनाट्यम झालंय म्हणजे आपल्याला जमेल असा एक गैरसमज होता. पहिल्याच दिवशी उड्यांची वेळ आली, साधी सोते, दोन पायांवरून वर आणि दोन पायांवर खाली, चार वेळा. मी पायांवर लक्ष ठेवून मारल्या आणि सरांकडे बघितलं, वाटलं आता पंजाबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "ताई, खांदे कुठे गेले तुमचे?" मी आरशात बघितलं तर खांदे कानापाशी. सर म्हणाले उडी तुमचे पाय मारतायत पण चुगली खांदे करतायत. हे वाक्य मी तेव्हापासून पाठ केलंय आणि या पत्राला तेच नाव दिलंय, सरांनी रॉयल्टी मागितली तर बघू.

आता मुद्दा. चौकटीतलं वाक्य पूर्ण खोटं नाहीये, आणि म्हणूनच ते जास्त त्रास देतं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हात मागून झोकात पुढे-वर आणले की उडी वाढते, मोजमाप करून बघितलेलं आहे, दहा टक्के किंवा त्याहून जास्तच फरक पडतो. का वाढते? पाय अजून जमिनीवर असताना हात वेगाने वर जातात तेव्हा ते शरीराला उलट खाली रेटतात, त्यामुळे पाय जमिनीला जास्त जोरात दाबतात आणि जमीन तेवढंच आपल्याला परत वर देते. म्हणजे हातांचा उपयोग होतो तो पाय जमिनीवर टेकलेले आहेत तोपर्यंतच. एकदा पंजा सुटला की मग हात फेका, आपटा, गणपतीत नाचतो तसे हलवा, शरीराच्या वजनाचा जो मध्य आहे त्याचा रस्ता ठरून गेलेला असतो, तो एका केसानेही वर जात नाही. आणि मुलं नेमकं काय करतात, हात उशिरा फेकतात. आधी पाय उडतात, मग लक्षात येतं अरे हात राहिले, मग हवेत हात झटकतात. त्या झटक्याने उंची शून्य वाढते, वाढतात फक्त खांदे.

आणि हात "फेकणं" आणि हात "नेणं" यात फरक आहे. फेकताना आपण खांदा उचलून फेकतो, दगड मारतो तसा. बॅलेत हाताला रस्ता ठरवून दिलेला असतो. गुडघे वाकतात, म्हणजे प्लिए होते, तेव्हा हात खाली मांड्यांच्या पुढे गोल असतात, याला ब्रा बा म्हणतात (ब्रा म्हणजे फ्रेंचमध्ये हात, हे कळेपर्यंत पहिले दोन आठवडे आम्ही बायका नुसत्या हसू दाबून उभ्या होतो, सरांना वाटलं आम्हाला उड्यांची भीती वाटतेय). पाय सरळ व्हायला लागले की हात गोलच राहून पोटासमोरून वर यायला लागतात, पोटासमोरची जी जागा ती फर्स्ट पोझिशन, आणि तिथून मोठ्या उडीत पुढे डोक्यावर किंवा बाजूला जिथे जायचं तिथे. म्हणजे झोक मिळतोच, व्हॉलीबॉलवाल्याला मिळतो त्याच जातीचा, पण तो कोपरापासून आणि पाठीतून येतो, खांदा उचकटून नाही. हे जमायला मला सव्वा वर्ष लागलं. अजूनही दमले की जातं.

एक हिशोब सांगते, तो कळल्यापासून माझी उडी बदलली. समजा कुणी ३० सेंटीमीटर वर गेलं, शाळेतली एक फूटपट्टी, चांगली उडी आहे ही, तर वर जाऊन खाली येईपर्यंत सगळं मिळून साधारण अर्धा सेकंद. एवढंच. टाळी वाजवून हात बाजूला करेपर्यंत संपलं. पण त्या अर्ध्या सेकंदातला निम्मा वेळ शरीर वरच्या पाव भागात असतं, पट्टीच्या शेवटच्या साडेसात सेंटीमीटरमध्ये, कारण वर पोचता पोचता वेग कमी होत जातो आणि खाली पडायलाही सुरुवातीला वेळ लागतो, शाळेत चेंडू वर फेकण्याची गणितं होती तेच. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यात जे राहतं ते तिथलंच. त्या वेळी तुमचे हात जागेवर पोचून शांत असतील तर बघणाऱ्याला वाटतं ही थांबली हवेत. आणि त्या वेळी हात अजून धडपडत असतील तर ३० च्या जागी ४० सेंटीमीटर गेलात तरी धडपडच दिसते. आमच्या क्लासमधली एक मुलगी माझ्या अंदाजाने जेमतेम वीतभर उडते पण सगळ्यांना वाटतं तीच सगळ्यात उंच जाते. तिचे हात बघा फक्त.

मोठ्या उडीत, ग्रां जेतेमध्ये, म्हणजे धावत येऊन हवेत पाय फाकवून जी मारतात ती, तुम्ही सगळ्यांनी पोस्टरवर बघितलेली, तिथे तर हातांची आणखी एक करामत आहे. शरीराचा मध्य ठरलेल्या कमानीतून जातो, त्याला काही करता येत नाही हे वर म्हटलंच. पण उडीच्या माथ्यावर हात वर आले आणि पायही वर आले तर तो मध्यच शरीराच्या आत थोडा वर सरकतो, म्हणजे डोकं आणि धड त्यामानाने खाली राहतात. कमान मध्याची असते पण डोकं काही क्षण जवळजवळ सरळ रेषेत जातं. बघणारा बघतो डोक्याकडे, आणि त्याला वाटतं ही तरंगली. फसवणूकच आहे म्हणा, पण छान फसवणूक, आणि ती टायमिंगवर चालते. हात आधीच फेकून बसलात तर माथ्यावर वर न्यायला काही उरत नाही, उशिरा आले तर पडतानाच्या वेळी वर येतात आणि बघणाऱ्याला वाटतं वाचवा वाचवा करतेय.

जुन्या लोकांना हे सगळं गणित न मांडता माहीत होतं. डेन्मार्कमध्ये ऑगस्ट बूर्नोनव्हिल म्हणून मोठा माणूस होऊन गेला, १८०५ ते १८७९, पॅरिसला शिकला आणि कोपनहेगनला परत जाऊन तिथला बॅले त्याने घडवला, १८३६ साली त्याने बसवलेला ला सिल्फीद नावाचा बॅले आजही नाचतात. त्याच्या पद्धतीत उड्या भरपूर, एकामागून एक, आणि हात बहुतेक वेळ खाली. खाली म्हणजे लटकलेले नाही, गोल, जिवंत, पण खाली. कष्ट दिसायला नकोत हा हट्ट. करून बघा घरी, हात मांड्यांपाशी गोल ठेवून दहा उड्या मारा, हात हलवायचे नाहीत. मी पहिल्यांदा मारल्या तेव्हा कळलं की आजवर माझी निम्मी उडी हात आणि मान मारत होती, पाय नुसते सोबत येत होते. तिकडे रशियात अग्रिपीना वागानोवा, १८७९ ते १९५१, लेनिनग्राडला शिकवायची, १९३४ साली तिचं पुस्तक आलं, तिचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं वाटतं, हातांनी नुसतं शोभेचं काम करायचं नाही तर मोठ्या उड्यांना आणि गिरक्यांना मदत करायची. पण दोघांचं भांडण नाहीये. दोघांच्याही पद्धतीत पाठ आधी घट्ट उभी लागते, मग हात खाली ठेवा नाहीतर वर न्या. पाठ ढिली असेल तर वागानोवाचा हात झटका होतो आणि बूर्नोनव्हिलचा हात लोंबकळतो.

(जाता जाता, क्लास बदलणाऱ्या पालकांसाठी. हातांच्या पोझिशनचे नंबर सगळीकडे सारखे नसतात. डोक्यावर गोल हात, याला इटालियन चेकेट्टी पद्धतीत आणि इंग्लंडकडच्या पद्धतीत फिफ्थ म्हणतात, रशियन पद्धतीत तेच थर्ड. माझ्या मुलीला नव्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी याच्यावरून बोलणी बसली आणि ती रडत घरी आली, चूक तिची नव्हतीच.)

आणि निजिन्स्की, उड्यांसाठी गाजलेला रशियन बॅले नर्तक. १९११ साली मोंटे कार्लोला ल स्पेक्त्र द ला रोझ नावाचा एक छोटा बॅले झाला, दहा-बारा मिनिटांचा, त्यात तो शेवटी खिडकीतून उडी मारून नाहीसा होतो, त्या एका उडीबद्दल लोक शंभर वर्षं बोलतायत. गंमत म्हणजे त्याला नाचताना कुणी फिल्मवर घेतलेलं आज कुठे नाही. उडी कुणी आता बघू शकत नाही. आहेत ते फोटो, स्टुडिओत उभं राहून काढलेले, आणि त्यात काय दिसतं? हात. डोक्याभोवती, चेहऱ्याजवळ गुंडाळल्यासारखे मऊ हात, फुलाच्या पाकळ्यांसारखे, मनगटातून वळलेले. उडी गेली, हात राहिले.

आता खांदे वर का जातात. आपण कुठलंही जड काम करताना खांदा उचलतो, सिलिंडर सरकवताना बघा, पाण्याची बादली उचलताना बघा, दात ओठ खाऊन आधी खांदे वर. पायात जेवढा जोर कमी तेवढा शरीर वरून ओढायला बघतं, कुणीतरी कॉलर धरून उचलावं तसं. त्यात मुलं श्वास कोंडून घेतात, श्वास छातीत वरच अडकतो, मग बरगड्या पुढे, कंबर मागे, पोट सुटलेलं. एवढं झाल्यावर नुसता हात नीट करून काय होणार? माझ्या बघण्यात खांद्याची चूक निम्म्या वेळा प्लिएची चूक असते. उडीच्या आधी वाकताना धड पुढे झुकलं, ढुंगण मागे गेलं, की वर जाताना ते सरळ करायला हात आणि मान कामाला लागतात. लिफ्टमध्ये माणूस जसा उभ्याचा उभा वर-खाली जातो तसं धड खाली यायला आणि वर जायला हवं.

आणि आता जे लिहिणार आहे ते जरा उलटं वाटेल. "खांदे खाली! खांदे खाली!" असं ओरडणंही चुकीचं आहे. एका वार्षिक गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला मी बघितलंय, कुठली शाळा ते सोडा, एक शिक्षिका मुलींचे खांदे मागून दोन्ही हातांनी दाबत होत्या आणि त्याच वेळी हात वर करा म्हणत होत्या. माझा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी फिजिओकडे गेले, मीही घरी हेच करत होते, शोल्डर ब्लेड खाली दाबून धरायचे आणि हात डोक्यावर न्यायचे. फिजिओने भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं की हात पूर्ण डोक्यावर जातो, १८० अंश धरा, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० त्या पाठीवरच्या पंखासारख्या हाडाचे. ते हाड फिरायलाच हवं. तुम्ही ते दाबून ठेवलंत तर हात जायला जागा राहत नाही आणि आत चिमटा बसतो. मग खांदे कानाला न लागता हाड फिरणार कसं? त्याचं उत्तर काखेखाली आहे. काखेच्या खाली बरगड्यांवर एक स्नायू असतो, तो काम करायला लागला की हाड बरगडीवरून बाहेर-वर सरकतं आणि मानेचा स्नायू मोकळा राहतो. हातात धरून दाखवता येत नाही पण जाणवतं, भिंतीला तळवे लावून, कोपर न वाकवता, भिंत किंचित दूर ढकला, काखेखाली जे जागं होतं तेच. मी आता मनात "खांदे खाली" म्हणत नाही, "गळ्याचं हाड रुंद" म्हणते, म्हणजे जणू दोन्ही टोकांनी कुणीतरी साडीची घडी ओढून सरळ करतंय. फरक लगेच पडतो, निदान माझ्यात पडला.

याची प्रॅक्टिस मी लोकलमध्ये करते. हसू नका. ठाणे-दादर, लेडीज डबा, वरची कडी धरून उभी. हात वर आहे, खांदा कानाला लागलाय का? मान लांब आहे का? श्वास चालू आहे का? मुलुंडला गाडी हिसका देते तेव्हा खांदा पटकन वर जातो, मग परत. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं मानेचा त्रास आहे का बाळा, मी म्हटलं नाही मावशी, बॅले. त्यानंतर त्या भांडुपपर्यंत माझ्याकडे बघत होत्या.

भरतनाट्यमचा फायदा झाला की तोटा असं लोक विचारतात. दोन्ही. तिथे नाट्यारंभात हात बाजूला ताणून धरायची सवय, कोपर पडलं की गुरूंची नजर पडायची, त्यामुळे कोपर सांभाळणं मला आयतं मिळालं, बाकीच्या बायकांची कोपरं उडीत ओल्या टॉवेलसारखी लोंबतात. पण माझे हात सपाट, कडक, आडव्या बांबूसारखे. बॅलेत बाजूच्या हाताला उतार लागतो, खांद्यापेक्षा कोपर किंचित खाली, कोपरापेक्षा मनगट किंचित खाली. आमचे सर म्हणतात खांद्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो घरंगळत मधल्या बोटाच्या टोकावरून पडला पाहिजे, मध्ये कोपरावर अडकायला नको आणि काखेत जायला नको. आणि हात अगदी बाजूला नाही, थोडे पुढे, समोर बघताना डोळ्यांच्या कोपऱ्यात आपली बोटं दिसतील इतके. हात मागे गेले की बरगड्या उघडल्याच समजा, आणि उडीत ते दुप्पट दिसतं.

तुमच्या चौकटीत टिप्स होत्या म्हणून माझ्याही थोड्या देते, पण नंबर टाकून नाही कारण नंबर टाकले की लोक फक्त तिसरा वाचतात. सगळ्यात आधी उडी न मारता उडी, म्हणजे गुडघे वाकवा, पाय सरळ करत नुसतं चवड्यांवर या आणि हात त्या वेळी त्यांच्या रस्त्याने न्या, हळू, चार मोजत. हात आणि टाचा एकाच वेळी पोचतात का बघा. आठवडाभर एवढंच केलंत तरी चालेल, मुलांना कंटाळा येतो पण येऊ दे. मग हात छातीवर फुली मारून, तळवे खांद्यांवर ठेवून आठ उड्या, तळव्यांखाली खांदा उसळला तर लगेच कळतं, आरसा नको. मग बारकडे, म्हणजे क्लासमध्ये धरून उभं राहायला जो आडवा दांडा असतो त्याच्याकडे तोंड करून, बोटं बारवर नुसती टेकवून, बार हलला किंवा कुरकुरला म्हणजे तुम्ही हातांनी ओढताय. घरी बार नसतो तर ओढणी घ्या, दोन्ही हातांत दोन टोकं, पोटासमोर ताणून धरा आणि उड्या मारा, ओढणी ढिली पडली की पाठ सुटली. आणि उडताना तोंडाने मोजा, मोठ्याने, एक दोन तीन चार, आवाज चिरकला किंवा बंद झाला तर श्वास कोंडलाय. खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील ते तुम्ही बघा. लहान मुलांच्या मनगटांना वजनं बांधून उड्या मारायला लावणारेही व्हिडिओ फिरतायत, ते मात्र कृपा करून करू नका.

सगळ्यात कामाचा उपाय फुकट आहे. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढा आणि बघताना स्क्रीनचा खालचा अर्धा भाग कागदाने झाका, पाय दिसायला नकोत. आता वरच्या अर्ध्या माणसाकडे बघा. चांगल्या उडीत तो माणूस लिफ्टमधून शांतपणे वर जाऊन खाली येतोय असं दिसतं, चेहरा तोच, मान तीच. माझ्या पहिल्या व्हिडिओत कागदाच्या वर दिसत होती एक बाई जिला कुणीतरी पाठीमागून दचकवतंय, आठ वेळा. मुलीने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, असो.

उतरताना काय, हे तुमच्या लेखात नव्हतं म्हणून एवढं लिहिते. उडी उतरताना शरीराच्या वजनाच्या काही पट मार पायांवर येतो, तो पंजा, चवडा, टाच असा क्रमाने आणि गुडघे वाकवून जिरवायचा असतो हे सगळे शिकवतात. पण हात शरीराबरोबर धपकन खाली आले की छाती पण खाली येते, पुढचं प्लिए झुकलेलं होतं आणि पुढची उडी आधीच बिघडलेली असते. हात शेवटी उतरतात. शरीर खाली आलं, गुडघे वाकले, आणि हात अजून वरून हवेतून सावकाश येतायत, पॅराशूटसारखे. सोळा उड्या सलग मारायच्या असतील तर आठव्या-नवव्या उडीला हे सुटतं, दमल्यावर पाय टिकतात आणि हात आधी मरतात, हा माझा अनुभव. छोट्या भराभर उड्यांमध्ये, शांजमां वगैरे, हात खालीच ठेवायचे असतात आणि तिथे मुलांचे तळवे कोंबडीच्या पंखांसारखे फडफडतात, प्रत्येक उडीला एक फडफड. त्यावर उपाय म्हणून सर बोटांच्या मध्ये कागदाचा कपटा धरायला देतात, फडफडला की पडतो. मोठी माणसं सुद्धा पाडतात.

२०२० साली ये बॅले पिक्चर आला, मुंबईच्या दोन पोरांची आणि त्यांच्या यहूदा माओर या शिक्षकाची खरी गोष्ट, त्यातला मनीष चौहान तर स्वतःचंच काम करतो. आमच्या सोसायटीतल्या दोन घरांनी तो बघून मुलांना क्लासला घातलं, चांगलंच झालं. पण घरी येऊन मुलं दाखवतात काय तर सोफ्यावरून उडी, आणि आजी-आजोबा टाळ्या वाजवतात उंचीला. टीव्हीवरच्या स्पर्धांतही तेच, जो उंच तो भारी, परीक्षक उभे राहतात. कुणीच म्हणत नाही की वा, काय मान राहिली. बॅलेत डोक्याला आणि खांद्यांना वेगळी दिशा देतात, थोडं वळवून, पुढच्या पायाकडे, एपोलमां म्हणतात त्याला, त्याने साधी उडी सुद्धा माणसाची दिसते, नाहीतर स्प्रिंगची बाहुली. पण ते टीव्हीवर अर्ध्या सेकंदात कोण बघणार, आणि मुलांनी ते कशाला शिकावं मग.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी एका ओळीत दुरुस्ती छापा, हात फेकू नका, पाय जमिनीवर असतानाच न्यायला सुरुवात करा, खांदा सोडून. आणि तुमच्या फोटोग्राफरला एक निरोप. तो फोटो बहुतेक उडी सुटतानाचा आहे, त्या मुलीचे हात तेव्हा अजून रस्त्यातच असतील, कदाचित माथ्यावर ती खूप छान दिसली असेल, कोण जाणे. कॅमेरा एक क्षण उशिरा दाबा. वर शरीर जास्त वेळ थांबतं, हिशोब वर दिलाय.

आपली,
एक वाचक, ठाणे

ता. क. : वर "ब्रा बा" लिहिलंय ते छापायला अवघड वाटलं तर "हात खाली" छापा, अर्थ तोच आहे.